मेकॅनिकलवाल्यांचं कंट्रोल सिस्टिम्स: एक ग्लास, एक भट्टी आणि ६० हा आकडा

सिस्टीम स्थिर आहे की नाही हे तपासायचा राऊथचा तक्ता मी कॉलेजात डोळे मिटून मांडायचो. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिरका गुणाकार, पहिल्या रकान्यात चिन्ह बदललं की सिस्टीम अनस्टेबल. तरी या विषयात माझा एकदा बॅकलॉग राहिला आणि दुसऱ्यांदा सुटला तोही पाठांतरावरच. पुढे नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात नोकरी लागली. तिसऱ्याच आठवड्यात भट्टीवरच्या मामांनी हाक मारली, "साहेब, बघा जरा, हा हंटिंग मारतोय."

कंट्रोलरवर खाली एसव्ही, म्हणजे हवं ते तापमान, ५५० वर ठाम. वर पीव्ही, म्हणजे असलेलं तापमान. ते ५६३ पर्यंत जाई, रेंगाळे, मग ५३८ पर्यंत उतरे आणि पुन्हा चढे. मी शहाण्यासारखा मान हलवत उभा. मामांनी मेन्यूत जाऊन पी-बँड वाढवला आणि दहा-पंधरा मिनिटांत झोके विरले. "वाढवल्यावर शांत कसा झाला?" मी विचारलं. "वाढवला की होतो शांत," एवढंच उत्तर. प्रपोर्शनल बँड म्हणजे गेनचा व्यस्त, शंभरला गेनने भागलं की टक्क्यांत बँड मिळतो, हे मला त्या रात्री घरी जाऊन शोधावं लागलं. गेन म्हणजे चुकीला कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो तो आकडा, आणि मामांनी तोच कमी केला होता. मी चार वर्षं 'गेन वाढवला की सिस्टीम अस्थिर होते' हे वाक्य लिहीत आलो होतो आणि ते समोर घडताना ओळखलं नव्हतं.

तेव्हापासून ज्युनिअर मुलंमुली विचारतात तेव्हा मी एकच सांगतो. धडा बदलला की उदाहरण बदलू नका. एक सिस्टीम धरा आणि तीच राऊथ, रूट लोकस, बोडे, नायक्विस्ट, पीआयडी अशा सगळ्या धड्यांतून फिरवा. पुस्तकात दर पानावर नवीन ट्रान्स्फर फंक्शन, म्हणजे सिस्टीमच्या इनपुटवरून आउटपुट देणारं सूत्र, येतं, त्यामुळे पाच पद्धती म्हणजे पाच वेगळे विषय वाटतात. पद्धती पाच असल्या तरी प्रश्न एकच आहे. कसा, ते खाली करून दाखवतो.

आधी गणिताची झाडाझडती

एम-थ्री, म्हणजे इंजिनीअरिंगचं तिसरं गणित, पुन्हा पहिल्यापासून काढायची गरज नाही. तीन गोष्टी तपासा. कॉम्प्लेक्स संख्येची लांबी आणि कोन काढता येतो का. दोन संख्या गुणल्या की लांब्यांचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज होते, हे हाताला माहीत आहे का. आणि लाप्लासमध्ये डेरिव्हेटिव्हच्या जागी एस येतो, हे वापरून साधं डिफरन्शियल समीकरण सोडवता येतं का. पार्शियल फ्रॅक्शन जमत असेल तर बोनस. यात अडलात तर दोन संध्याकाळी घालवा, पण त्यापुढे थांबू नका. 'आधी गणित पक्कं करतो, मग कंट्रोल' म्हणणारे इनसेमपर्यंत, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेपर्यंत, गणितच पक्कं करत बसतात.

पहिलं पाऊल: स्वयंपाकघरातला ग्लास

स्टीलचा ग्लास, गरम पाणी, शंभर अंशांपर्यंतचा साधा थर्मामीटर आणि मोबाइलचं घड्याळ. जानेवारीत हा प्रयोग छान होतो, कारण खोलीच २० अंशांच्या आसपास असते. निफाडकरांना याहून थंड खोली फुकट मिळेल.

पाणी ८० अंशांवर आलं की घड्याळ चालू करा आणि दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. सुरुवातीला खोली आणि पाण्यातला फरक ६० अंश आहे. फर्स्ट ऑर्डर सिस्टीमचा नियम असा की एक टाइम कॉन्स्टंट उलटला की फरक ३६.८ टक्के उरतो, म्हणजे २२ अंश. म्हणून पाणी ४२ अंशांवर आलं ती वेळ म्हणजे तुमच्या ग्लासाचा टाइम कॉन्स्टंट, टाऊ. चार टाऊंनी दोन टक्क्यांहून कमी फरक उरतो. सेटलिंग टाइमच्या सूत्रातला तो ४ इथून येतो.

आता पुस्तकात नसलेली तपासणी. फरक ६० चा ३० व्हायला किती वेळ लागला आणि ३० चा १५ व्हायला किती? नियम खरा असेल तर दोन्ही वेळा सारख्या हव्यात. माझ्या ग्लासाला पहिल्यांदा १७ मिनिटं लागली आणि दुसऱ्यांदा २४. मला वाटलं माझं वाचन चुकलं, म्हणून पुन्हा केलं, तर तेच. कारण वाफ. गरम असताना पाण्याच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवनाने खूप उष्णता जाते आणि हे जाणं तापमानाच्या फरकाशी सरळ प्रमाणात नसतं. ग्लासावर झाकण ठेवून पुन्हा करा, दोन आकडे जवळ येतील.

लिनिअरायझेशन या धड्याचा जीव एवढाच आहे. आपण लिहितो ते ट्रान्स्फर फंक्शन एका ऑपरेटिंग पॉइंटच्या आसपास खरं असतं. ८० अंशांजवळचा टाऊ वेगळा, ४० जवळचा वेगळा. भट्टीचंही तसंच, ३०० अंशांवर नीट चालणारं ट्यूनिंग ९०० वर बिघडतं, कारण तिथे उष्णता मुख्यतः किरणांनी जाते आणि ती केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते.

दुसरं पाऊल: दोरा आणि नट

२५ सेंटिमीटर दोऱ्याला नट बांधा आणि लटकवा. एक पूर्ण झोका सुमारे एका सेकंदाचा होईल. थोडा ओढून सोडा आणि झोका निम्मा व्हायला किती फेऱ्या लागल्या ते मोजा. ०.११ ला त्या फेऱ्यांच्या संख्येने भागा, की डॅम्पिंग रेशो, झीटा, म्हणजे झोके किती लवकर विरतात त्याचं माप. नटावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून पुन्हा मोजा. झीटा वाढलेला आकड्यात दिसेल.

मग खाली जाऊन बाइकची सीट जोरात दाबा आणि सोडा. शॉकर चांगला असेल तर गाडी वर येऊन जवळपास लगेच थांबते. ऑइल गळलेला असेल तर दोन-तीनदा उसळते. झीटा ०.७ असेल तर ओव्हरशूट, म्हणजे हव्या आकड्याच्या पुढे जाणं, साधारण ५ टक्के आणि ०.५ असेल तर १६ टक्के, हे दोन आकडे पाठ करा. बाकीचे परीक्षेत सूत्राने काढता येतात.

ब्लॉक डायग्रॅम रिडक्शन आणि सिग्नल फ्लो ग्राफ यांवर मी फार वेळ घालवू देणार नाही. मार्कांचे आहेत, सरावाने येतात, आठ-दहा गणितं करा. फक्त एक गोष्ट मनात ठसू द्या: निगेटिव्ह फीडबॅक लूपचं उत्तर म्हणजे पुढचा रस्ता भागिले (१ + पूर्ण फेरीचा गुणाकार). त्या खालच्या भागाला शून्याशी बरोबर केलं की कॅरॅक्टरिस्टिक समीकरण. इथून पुढचा सगळा विषय त्या एका समीकरणाभोवती फिरतो.

तिसरं पाऊल: आपली भट्टी

एक छोटी, खेळण्यातली म्हणा, भट्टी घेऊ. वेळ मिनिटांत मोजू. चेंबरचा टाइम कॉन्स्टंट १ मिनिट, हीटरच्या कॉइलचा अर्धा मिनिट आणि नळीत घातलेल्या थर्मोकपलचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा, २० सेकंद, म्हणजे एक तृतीयांश मिनिट. तिघं एकापाठोपाठ. मोजायला सोपं पडावं म्हणून ट्रान्स्फर फंक्शन असं धरू: १ भागिले (एस+१)(एस+२)(एस+३). पुढे साधा प्रपोर्शनल कंट्रोलर, गेन के. लूप बंद केल्यावर कॅरॅक्टरिस्टिक समीकरण येतं:

एस क्यूब + ६ एस स्क्वेअर + ११ एस + (६ + के) = ०

आता राऊथ. पहिल्या ओळीत १ आणि ११, दुसरीत ६ आणि ६+के. तिसऱ्या ओळीत (६६ − ६ − के) भागिले ६, म्हणजे (६० − के) भागिले ६. हा आकडा धन राहायला हवा, म्हणजे के ६० च्या खाली. बरोबर ६० ला ती ओळ शून्य होते; वरच्या ओळीतून सहा एस स्क्वेअर + ६६ = ० मिळतं आणि एस = ± जे √११, म्हणजे मिनिटाला ३.३२ रेडियन. एका झोक्याला १ मिनिट ५४ सेकंद.

(हा राऊथ १८५४ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला होता आणि दुसरा आलेला मॅक्सवेल. तोच, विजेच्या समीकरणांचा. मॅक्सवेलने १८६८ मध्ये वाफेच्या इंजिनाच्या गव्हर्नरवर निबंध लिहिला, त्यात तिसऱ्या घातापर्यंतची स्थिरतेची अट काढली आणि पुढच्या घातांसाठी कुणीतरी वाट काढावी अशी इच्छा ठेवून गेला. राऊथने १८७७ मध्ये ती काढली. थिअरी ऑफ मशीन्समध्ये आपण जो गव्हर्नर शिकतो आणि त्याला 'हंटिंग' म्हणतो, त्यातूनच हा विषय जन्मला. म्हणजे हा विषय इलेक्ट्रिकलवाल्यांचा आणि आपल्या गळ्यात मारलेला, ही तक्रार खोटी आहे.)

तक्ता संपला म्हणून पान उलटू नका. कॅल्सी इक्वेशन मोडमध्ये टाका आणि के बदलत मुळं काढा. के = १० ला मुळं −४.३१ आणि −०.८५ ± जे १.७३. के = ३० ला −५.२१ आणि −०.३९ ± जे २.६०. के = ६० ला −६ आणि ± जे ३.३२. हे बिंदू ग्राफ पेपरवर टाका, मधले तीन-चार के अजून काढा आणि पेन्सिलने जोडा. तुम्ही आत्ता रूट लोकस, म्हणजे के बदलताना मुळं सरकतात ती वाट, काढला. इव्हान्सने १९४८ मध्ये दिलेले नियम, असिम्प्टोटचे ६० आणि १८० अंश, −२ वरचा सेंट्रॉइड, हे सगळे त्या रेषा न मोजता काढायचे शॉर्टकट आहेत. एकदा हाताने बिंदू टाकलेत की नियम पाठ करावे लागत नाहीत, आपल्या चित्राशी ते जुळतात की नाही एवढंच बघावं लागतं. के = १० ला झीटा ०.४४ आहे आणि ३० ला ०.१५, हेही त्याच बिंदूंवरून मोजा. मामांच्या भट्टीचे झोके म्हणजे हा उजवीकडे सरकणारा बिंदू.

मग बोडे, म्हणजे प्रत्येक फ्रीक्वेन्सीला सिग्नल किती लहान होतो आणि किती मागे पडतो ते बघणं. एसच्या जागी जे गुणिले ३.३२ घाला. तीन कंसांचे कोन ७३.२, ५८.९ आणि ४७.९ अंश. बेरीज करा: १८०. आणि लांब्या? √१२ गुणिले √१५ गुणिले √२०, म्हणजे √३६००, म्हणजे ६०.

पुन्हा तेच साठ. त्या फ्रीक्वेन्सीला भट्टी सिग्नल ६० पट लहान करते आणि १८० अंश मागे ढकलते. फीडबॅकमधल्या वजाबाकीने आणखी १८० जातात, सिग्नल फिरून आपल्याच पायावर येतो. के ६० असेल तर आलेला सिग्नल गेल्याएवढाच असतो आणि झोका कधीच विझत नाही. मग गेन मार्जिन म्हणजे काय? के ३० असेल तर ६० भागिले ३०, दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल. के १० असेल तर सहापट, १५.६ डेसिबल. नायक्विस्टचा (१९३२) आलेख −१ या बिंदूतून कधी जातो? के ६० असताना. तिन्ही धडे आपलं-आपलं तोंड वळवून एकच गोष्ट सांगतात, हे मला परीक्षेच्या आधी कुणी दाखवलं असतं तर माझी एक फी वाचली असती.

चौथं पाऊल: गोदावरीचं पाणी

तुमच्या मनात येईल, राऊथने पाच ओळींत जे उत्तर दिलं त्यासाठी बोडेचा सेमीलॉग पेपर कशाला? शंका रास्त आहे. उत्तर रामकुंडावर आहे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की पाणी त्याच क्षणी रामकुंडाजवळच्या, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी चढत नाही. नदीला वाट कापायला वेळ लागतो. समजा, मारुतीपाशी पाणी अमुक पातळीवर ठेवायचं काम कुणाला दिलं आणि तो तिथून धरणावर फोन करत राहिला: "अजून सोडा, अजून सोडा." पाणी दिसेपर्यंत त्याने चारदा दरवाजे वाढवलेले असतील आणि मग मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी. या वाटेतल्या वेळाला डेड टाइम म्हणतात. तो सिग्नल लहान करत नाही, फक्त उशिरा पोचवतो.

राऊथला एसच्या घातांची बहुपदी लागते आणि डेड टाइम बहुपदी नाही. बोडेला त्याचं काही वाटत नाही: फ्रीक्वेन्सी गुणिले उशीर, एवढे रेडियन कोनात अजून मागे. आपल्या भट्टीत फक्त ६ सेकंदांचा, म्हणजे ०.१ मिनिटाचा उशीर घाला. कोनांची बेरीज आता २.६८ लाच १८० होते आणि तिथे भट्टी सिग्नल फक्त ३८.५ पट लहान करते. मर्यादा ६० वरून साडेअडतीसवर आली. सहा सेकंदांत! थर्मोकपल कामाच्या जागेपासून दूर बसवला की ट्यूनिंगला काही अर्थ राहत नाही, त्याचं कारण हे. पीआयडीचे आकडे बदलण्याआधी सेन्सर कुठे बसवलाय ते बघा.

पाचवं पाऊल: पीआयडी

पी म्हणजे प्रपोर्शनल, आय म्हणजे इंटिग्रल, डी म्हणजे डेरिव्हेटिव्ह. आधी फक्त पी घेऊन बघा. आपल्या भट्टीला १०० अंश वाढ मागितली तर के = १० ला मिळतात ६२.५ अंश. के = ३० ला ८३.३. आणि अगदी काठावर, ६० ला, ९०.९. म्हणजे उरलेली नऊ अंशांची तूट पी भरूच शकत नाही; त्याआधी सिस्टीम हातातून जाते. म्हणून आय. तूट जितका वेळ राहील तितका आय आपलं बिल वाढवत नेतो आणि तूट शून्य होईपर्यंत थांबत नाही. त्याची किंमत म्हणजे अजून थोडा कोन मागे जातो. डी उलट कोन पुढे आणतो, पण मोजमापातली थरथरही मोठी करतो. कारखान्यात बहुतेक भट्ट्या पीआयवर सुखाने चालतात आणि डीला हात लावायला लोक कचरतात, ते बरोबरच आहे.

झिगलर आणि निकल्स यांचा १९४२ चा तक्ता आता आपोआप कळेल. पी एकटा असेल तर काठावरच्या गेनचा निम्मा, म्हणजे आपल्याकडे ३०. पीआय असेल तर ०.४५ पट, म्हणजे २७, आणि इंटिग्रल टाइम झोक्याच्या वेळेला १.२ ने भागून, साधारण १.५८ मिनिट. पण लक्षात घ्या, ३० ला झीटा ०.१५ होता. हा तक्ता डोलणारी सिस्टीम देतो. मी त्याने येणारा गेन निम्मा करून सुरुवात करतो आणि मग हळूहळू वर नेतो.

लॅपटॉप कधी उघडायचा

हाताने भट्टी पूर्ण झाल्यावर. सायलॅब फुकट आहे, रूट लोकस काढायच्या कमांडचं नावच तिथे 'एव्हान्स' आहे. पायथनवाल्यांना कंट्रोल लायब्ररी आहे. आपली भट्टी टाका, के ५९ आणि ६१ ठेवून स्टेप रिस्पॉन्स शेजारी-शेजारी बघा. एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची कंट्रोलवरची व्याख्यानंही फुकट आहेत. एक कोर्स निवडा आणि तोच संपवा, चार उघडून ठेवू नका. स्टेट स्पेस अभ्यासक्रमात असेल तर शेवटी घ्या. तिथेही याच भट्टीचं मॅट्रिक्स मांडा आणि त्याच्या आयगेन व्हॅल्यू −१, −२, −३ येतात का बघा.

एंडसेमसाठी, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेसाठी: राऊथमध्ये शून्याची ओळ येणारी गणितं वेगळी करा, कारण घाईत तीच चुकतात. बोडेला आधी कॉर्नर फ्रीक्वेन्सींचा तक्ता लिहा, मग रेषा ओढा. तक्त्यालाही मार्क असतात. उत्तराखाली 'के इतका असताना सिस्टीम झोके घेत राहते, झोक्याचा वेळ इतका' असं एक वाक्य लिहायची सवय लावा.

आणि इंटर्नशिपला सातपूर, अंबड, सिन्नर, कुठेही गेलात आणि भट्टी किंवा मोल्डिंग मशीन दिसलं, तर कंट्रोलरवरचं 'ऑटो ट्यून' चालू होताना बघायची परवानगी मागा. हीटर पूर्ण चालू, पूर्ण बंद असा होतो आणि पीव्ही सेट आकड्याभोवती दोन-तीन झोके घेतो. कंट्रोलर त्या झोक्यांची उंची आणि वेळ मोजून काठावरचा गेन काढतो, म्हणजे आपला साठ आणि १ मिनिट ५४ सेकंद. ही रिलेची युक्ती ऑस्ट्रोम आणि हॅग्लुंड यांनी १९८४ मध्ये मांडली. तेवढा वेळ भट्टीचं दार उघडू नका, आत माल टाकू नका. मी एकदा उघडलं होतं. कंट्रोलरने तो गारठा भट्टीचाच स्वभाव समजून भलतेच आकडे साठवले आणि दुसऱ्या पाळीत मामांना सगळं पुन्हा करावं लागलं.